पावणेनऊची बैठक

"कोण चुकलं ते नको, काय चुकलं ते सांगा."

पनवेलातल्या आमच्या बारा खाटांच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई रोज पावणेनऊला सगळ्यांना गोळा करून हे म्हणायच्या. नर्सेस, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी आणि रिसेप्शनवरची मी. तुम्ही कुठेही नोकरी केली असेल, तर मालकासमोर स्वतःची चूक कोण सांगतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग बाईच सुरुवात करायच्या.

"काल एका आजोबांचं बोलणं मी मध्येच तोडलं. ते परत यायचे नाहीत."

"येतील," मावशी म्हणाल्या. "बाहेर माझ्याशी बोलून गेलेत सगळं."

एका सोमवारी एकाच नावाच्या दोन बायका आल्या, एक कोन गावची, एक करंजाड्याची. माझ्याकडून फायलींची अदलाबदल झाली आणि कोनच्या बाईंना न सोसणारं इंजेक्शन दिलं गेलं. अंगभर गांधी उठल्या, धाप लागली. डॉक्टरबाई धावत आल्या. त्या बाईंचा श्वास नीट होईपर्यंत खाटेपासून हलल्या नाहीत.

त्या दिवशी व्हिजिटला आलेले एक डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, रिअ‍ॅक्शन कुणालाही येते. तेवढंच सांगा."

बाई बाहेर येऊन पेशंटच्या मुलासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्या आईंना चुकीचं इंजेक्शन गेलं. आता त्यांना धोका नाही. पण चूक आमची आहे."

"आमी इस्वासानं आनली तिला. कोनी केलं ह्ये?"

"हॉस्पिटल माझं आहे. जबाबदारी माझी."

तो बरंच बोलला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी चार पावलांवर काउंटरमागे होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मीच म्हणाले, "फाईल मी दिली होती." नोकरी गेली असं धरूनच आले होते.

बाईंनी विचारलं, "तेव्हा फोन किती वाजत होते?"

"दोन."

त्याच आठवड्यात फोनसाठी वेगळं टेबल आलं. सुई टोचण्याआधी पेशंटनेच आपलं नाव-गाव सांगायचं, असंही ठरलं.

पुढे बरीच वर्षं गेली. एका सकाळी बाई म्हणाल्या, "काल मी डोस दुप्पट लिहिला. सिस्टरने पकडला. या महिन्यातली तिसरी वेळ. आता मी पेशंट तपासणं थांबवते."

"वय झालं की होतं असं, बाई," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच."

त्यांनी हॉस्पिटल एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाती सोपवलं. मागच्या वर्षी बाई वारल्या.

मला त्यांचा कामाचा शेवटचा दिवस आठवतो. उलव्याची एक तापाने फणफणलेली मुलगी शेवटची पेशंट होती. बाईंनी औषधं लिहिली आणि कागद सिस्टरपुढे केला. सिस्टरला डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर दिसेना. बाईंनी पेनाला टोपण लावलं, हात टेबलावर ठेवले आणि पेपर तपासून घ्यायला आलेल्या विद्यार्थिनीसारख्या बसून राहिल्या.

"सावकाश वाचा," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."