ओढ्याची गावकी

"पदर धर," मालक म्हणाले.

गावातले मोठे जमीनदार ते, सगळे त्यांना मालकच म्हणतात. ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे, मी खाली. त्यांच्या हातात जवारीनं शिगोशिग भरलेलं माप. माझ्या खांद्याला पाणी तपासायची पेटी. नांदेडहून आलेले संस्थेचे साहेब खुर्चीत बसून चहा पीत होते. सगळं चारचौघांत चाललं होतं.

आमचं गाव हिमायतनगरकडचं. ओढा मालकांच्या गोठ्याजवळून येतो आणि खाली आमच्या बौद्धवाड्याला लागतो. उन्हाळ्यात हापसा आटला की आम्ही त्याच्या वाळूत झिरा काढतो. लेकरं तेच पाणी पितात. म्हणून संस्थेनं ओढा तपासायला माणूस मागितला तेव्हा मी पुढं झाले. बाटली भरायची, दगड उलटून खालचे किडे जिवंत आहेत का बघायचं, किडे मेले म्हणजे पाणी नासलं, मग वस्तीत सांगायचं. त्या दिवशी खुरपायला जाता येत नाही, म्हणून थोडं मानधन मिळायचं.

साहेब सांगायला आले होते की फंड संपला. म्हणाले, आता लोकसहभागातून चालवा.

हा शब्द आम्हाला कुणाला कळला नाही. मालकांना लगेच कळला.

"मंजी आपली गावकीच की, साहेब. ह्यांचे बापजादे हेच करत आले. सुगीला पायलीभर जवारी देत जाऊ. ह्या खेपेची आत्ताच देतो."

साहेब हसले. "छान. जुनी परंपरा आहे तुमच्याकडे."

गावकी. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावे पोचवायचे, रात्री राखण करायची, आणि सुगीत खळ्यावर पदर पसरून उभं राहायचं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावकी सोडली. गावकीची खूण म्हणून हातात असायची ती येसकराची काठी चुलीत घातली. त्या जाळावर आजीनं भाकरी भाजली. आमच्या घरात ही गोष्ट लेकरांना सणासारखी सांगतात.

आणि मी त्यांची नात. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. अंग बधिर. मालकांचे ओठ हलताना दिसत होते. "धर की पोरी, पदर." माझा हात आपोआप गेला, पदराचं टोक मुठीत आलं. मी जन्मात कधी कुणाच्या खळ्यावर उभी राहिलेली नाही. मला हे कुणी शिकवलं नाही. तरी हाताला ठाऊक होतं.

जवारी पडायला लागली. पदर जड झाला. त्या वजनानं मला कळलं, मी काय करतेय.

मी मूठ सोडली.

जवारी मातीत सांडली. कोंबड्या धावत आल्या.

"मी गावकी करून नाही राहिले," मी म्हणाले. "काम करून राहिले. कामाला मजुरी असते."

पुढं 'मालक' म्हणायचं होतं. सवयीचा शब्द. तो तोंडातून निघाला नाही.

"मग ठेव पेटी खाली."

ठेवली. साहेबांनी ती गाडीत टाकली. जाताना मला म्हणाले, "ताई, सेवा म्हणून बघायचं होतं."

आता ओढा कुणी तपासत नाही. गोठ्याचं घाण पाणी खाली येतंच आहे. झिरा आमचाच, लेकरं आमचीच. सासू म्हणते, "घेतली असती मूठभर जवारी तर काय बिघडलं असतं? पाणी तरी कळलं असतं." एखादं लेकरू आजारी पडलं तर वस्ती मला विचारील. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. अजूनही आत काही हलत नाही. रडू येत नाही.

पण ठरलं आहे. येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार: ओढा तपासणाऱ्याला पंचायतीच्या पैशातून मजुरी, आणि तपासणीची सुरुवात गोठ्यापासून. फेटाळतील. मी पुढच्या सभेत पुन्हा मांडीन. त्याच्याही पुढच्या सभेत. पदर कमरेला खोचला आहे, आता तो कुणापुढं निघायचा नाही.