पांढऱ्या शेंड्याची टोपी

डोळा लागलाय की उघडा आहे, ते या उंचीवर कळत नाही. तितिकाका सरोवरातून आमची बोट ताकिले नावाच्या बेटाकडे निघाली आहे. ऊन डोक्यावर तापतंय आणि वारा मात्र बर्फासारखा बोचतोय. गालात कोकाची पानं धरली आहेत. इथे दम लागू नये म्हणून सगळेच ती चघळतात, चव कडुलिंबाच्या काडीच्या वरताण. शेजारी वन्सं बसल्या आहेत, म्हणजे माझी नणंद प्रभा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने हे सरोवर काढून पोरांना दाखवलं, आणि आता निवृत्त झाल्यावर मला ओढत इथे घेऊन आल्या. काल दिवसभर कुस्को शहरातून बसने आलो. वाटेतल्या खिंडीत माझं डोकं असं ठणकलं की मी म्हटलं, वन्सं, मला परत इचलकरंजीला सोडा. त्यांनी गरम चहाचा पेला हातात दिला आणि खिडकीबाहेरचे बर्फाचे डोंगर दाखवत बसल्या. ऐकतील तर त्या वन्सं कसल्या.

सकाळी गवताची बेटं पाहिली. पाण्यातलं गवत कापून, थरावर थर रचून ही माणसं बेट तयार करतात आणि त्यावर घर बांधून राहतात. पाऊल टाकलं की जमीन दबते. एलिसेओ, आमचा वाटाड्या, सांगत होता की खालचं गवत कुजत जातं, म्हणून वरून सतत नवं पसरत राहावं लागतं. वन्संनी विचारलं, "आणि दोन घरांचं भांडण झालं तर?" तो म्हणाला, "करवतीने बेट कापतात. तुमचं तुम्ही घेऊन जा, आमचं आम्ही." मी खो खो हसले. हे गेल्यापासून तशी हसले नव्हते. माझी मलाच लाज वाटली.

हे दिवाळीनंतर गेले. जेवून उठले, हात धुतला, खाटेवर आडवे झाले, संपलं. एक शब्द बोलले नाहीत. त्या न बोललेल्या शब्दासाठी मी अजून थांबून आहे, खरं सांगायचं तर.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. विधवेने वड पुजायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी गेले. हिरवी साडी नेसून, ताट घेऊन, गल्लीच्या टोकाच्या वडाला सूत गुंडाळून आले. हाच नवरा साता जन्मी मिळू दे. बायका बाजूला झाल्या. एकीने तोंडावर म्हटलंही, "आता कुणासाठी गं?" वन्सं तेवढ्या माझं ताट धरून शेजारी उभ्या राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "वैनी, तुझा पासपोर्ट काढूया."

सूत दरवर्षी हेच आणायचे. मागावर काम करणारा माणूस, घरात सुताला काय तोटा! "मला बांधायचा दोरा मीच आणून द्यायचा, हा कुठला न्याय?" असं म्हणायचे आणि सुताचा कोन माझ्या पुढ्यात ठेवायचे. यंदाही मी त्यांच्याच मागावरचं उरलेलं सूत नेलं होतं.

बोटीचं इंजिन खटखटतंय. मघाशी एलिसेओने ताकिलेच्या टोप्यांबद्दल सांगितलं. तिथले पुरुषच विणकाम करतात. लग्न झालेल्याची टोपी सगळी लाल. बिनलग्नाच्याची खाली लाल, वरचा शेंडा पांढरा. लांबून बघूनच बायकांना कळतं. वन्सं म्हणाल्या, "बरं आहे, विचारायला नको." त्यांचा आवाज लांब जातोय. खटखट वाढतेय. एका इंजिनाची नाही ही, पुष्कळ मागांची आहे.

"सर की जरा," कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. वन्सं बसल्या होत्या तिथे हे बसले आहेत.

ओरडायला तोंड उघडते, तर तोंडात कोकाची पानं. तोच चौकटीचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. केसांत कापसाची तूस, शिफ्ट संपवून आल्यावर असायची तशी. माझा हात आपोआप जातो आणि ती काढतो. तूस बोटांना चिकटते.

"अहो," मी म्हणते.

"व्हय."

"तुम्ही हितं कसं?"

"तूच आलीस न्हवं? मला वाटलं हुतं, ही बाई काय मिरजेच्या पुढं जायची न्हाई."

जिवंतपणी जे बोलले असते, तेच बोलतात. मला रडू यायला हवं, ते येत नाही. मेलेला माणूस मिरजेचं नाव घेतो, यावर काय करायचं असतं?

बोट आता बोट नाही. पायाखाली गवत आहे आणि ते दबतंय. समोर माझाच गॅस, माझंच दुधाचं पातेलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीच्या जागी निळंशार पाणी. दूध तापत ठेवलंय. हे गवतावर मांडी घालून बसले आहेत आणि त्यांच्या हातात सुया आहेत. बारीक, लांब. सुया चालतायत.

"काय करालायसा?"

"टोपी."

"तुमास्नी साधं शर्टाचं बटण लावता येत न्हवतं!"

"हितं समदे गडी इणत्यात," हे मान वर न करता म्हणतात. "इणता येत न्हाई त्याला हितं कोण इचारत न्हाई, शालन."

मी बघत राहते. या माणसाला जन्मभर मी एका हाताने तुटका धागा जोडताना पाहिलं. अंगठा आणि बोट, एक वळसा, गाठ तयार, माग पुन्हा सुरू. पण सुई यांनी कधी हातात धरली नाही. आता टोपी त्यांच्या हातात वाढतेय. खाली लाल आहे, नक्षीची, लहान लहान पाखरांची. चांगली आहे हो टोपी. मी तसं म्हणणारच असते.

तेवढ्यात दिसतं की वर पांढरं चढतंय.

"हे पांढरं कशाला?"

सुया चालतच राहतात.

"अहो, पांढरं कशाला घातलंय? ती टोपी बिनलग्नाच्याची असती. त्या एलिसेओनं सांगितलंय मला."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? माझीच हाय."

दूध उतू जातं. गॅस विझतो. मी जागची हलत नाही. राग, लाज, काय ते मला सांगता येत नाही. भर बाजारात कुणी मुस्काटात मारावी तसं झालंय. मी हिरवी साडी नेसून बायकांची बोलणी खाल्ली, आणि हे इथे बसून स्वतःला बिनलग्नाची टोपी विणतायत!

"करवत आणा," मी म्हणते. "बेट कापून टाका. तुमचं तुम्ही जावा घेऊन."

हे हसतात. गालावरची ती खळी. "करवत कशी लावू? तू समद्या बेटाला सूत गुंडाळलंयस."

मी खाली बघते. खरंच की. गवताच्या कडेकडेने पांढरं सूत गेलंय, फेऱ्यावर फेरे. पाण्यात थोड्या अंतरावर आमच्या गल्लीचा वड उभा आहे, पारंब्या पाण्यात सोडून. त्याच्या खोडावरून सूत उलटं सुटत येतंय. बुंध्याला कुणी नाही, सूत मात्र फिरतंय. एक फेरा, आणखी एक. ते पाण्यावरून येतं, गवतावरून येतं आणि यांच्या सुयांत शिरतं.

मी टोपी हातात घेते. पांढऱ्या शेंड्यावर पिवळे डाग आहेत. हळदीचे. माझ्या बोटांचे.

"हे माझं सूत हाय," मी म्हणते. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

"व्हय, तुझंच. समद्या वर्साचं."

"मी ते तुमास्नी बांधायला गुंडाळलं हुतं!"

"म्हणून तर उसवत बसलोय."

आता आम्ही पायऱ्या चढतोय. दगडी पायऱ्या, खाली सरोवर, पण कठडा आमच्या गच्चीचा आहे आणि त्यावर माझी कुरडई वाळत घातलेली आहे. हे पुढे. मला दम लागतो, यांना लागत नाही. मेलेल्या माणसाला कसला दम! मी मागून ओरडते, "थांबा की! एक सांगा मला आन् मग जावा कुठं जायचं ते. म्होरच्या जन्मी मीच न्हवं?"

हे थांबतात. वळतात. चेहऱ्यावर थट्टा नाही. यांचा असा चेहरा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

"शालन, सात जन्म मागितलंस. मला कधी इचारलंस?"

मी पायरीवर बसते.

कधी विचारलं? झाडाला विचारलं. देवाला विचारलं. दरवर्षी उपास करून, नवी बांगडी भरून, रांगेत उभी राहून विचारलं. आणि हा माणूस सूत आणून देऊन घरात बसलेला असायचा, चहाची वाट बघत. त्याला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच येत नाही.

"मला तरी कोण इचारलं हुतं?" मी म्हणते. मला संताप येतो. "आमच्या आप्पांनी बोलणी केली, तुमच्या आईनं मला बघितलं. तुम्ही तर मान बी वर केली न्हाई."

"केली हुती," हे म्हणतात. "तू बघत न्हवतीस तवा."

हे मला आत्ता कळतंय. इतक्या वर्षांनी, इतक्या उंचीवर, हे मेल्यावर. मला हसू येतंय की रडू, ते कळत नाही.

हे माझ्या शेजारच्या पायरीवर बसतात. टोपी जवळजवळ झाली आहे, शेंडा तेवढा मिटायचा उरला आहे. सूत ताणलं गेलंय. मी बघते तर सुताचं टोक माझ्या मुठीत आहे. मूठ इतकी घट्ट की सूत तळव्यात रुतलंय.

"सोड जरा," हे म्हणतात. ओढत नाहीत. ओढलं असतं तर मी सोडलं नसतं. "ताणलेल्या धाग्याला गाठ बसत न्हाई. ढिला सोडावा लागतो. मागावर तुला कितींदा दावलंय."

"सोडलं तर तुम्ही जाणार."

"ते मी गेलोयच की, खुळे."

एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, तुमच्यातच आहेत. भटजी म्हणाले, आत्मा अमर आहे. वन्सं काहीच म्हणाल्या नाहीत. सांगितलं यांनीच. त्यांचं ऐकून मी तोंड झाकून रडते. तेरा दिवसांतही मी अशी रडले नव्हते.

मग पदराने डोळे पुसते. बसल्या जागी सावरून बसते. डोक्यावर पदर घ्यावा असं वाटतं, बघायला आले तेव्हा घेतला होता तसा, पण घेत नाही. त्यांच्याकडे सरळ बघते.

"आता इचारते," मी म्हणते. "झाडाला न्हाई, तुमास्नी. म्होरच्या जन्मी मी असले तर, तुमास्नी चालंल का? नको असलं तर नको म्हणा. मी रागावनार न्हाई."

रागावणार आहे, हे दोघांनाही माहीत आहे.

हे सुया खाली ठेवतात. माझ्याकडे बघतात, मान वर करून, मी बघत असताना. ओठ हलतात. मी मूठ उघडते. सूत तळव्यावरून सरसर निघतं, गार, आणि त्याच वेळी मोठा भोंगा वाजतो, गिरणीचा, नाही, बोटीचा. यांचं बोलणं मला ऐकू येत नाही. मी ओरडते, "काय म्हणालासा? अहो! काय म्हणालासा?"

"वैनी! ए वैनी, उठ. बेट आलं."

वन्सं माझा खांदा हलवतायत. बोट धक्क्याला लागली आहे. लोक उतरतायत. वर दगडी पायऱ्या गेल्या आहेत, आणि खालच्या पायरीवर दोन माणसं विणत बसली आहेत, एकाची टोपी सगळी लाल, दुसऱ्याचा शेंडा पांढरा. मी दोघांचे चेहरे बघते. दोघंही परके.

"काय ओरडत होतीस झोपेत?" वन्सं विचारतात. "आणि हातात काय आहे?"

हात उघडाच आहे. तळव्यावर आडवा लाल वळ, सूत रुतावं तसा. त्यावर वीतभर धागा पडलेला आहे. अर्धा पांढरा, सुती, हळदीचा डाग असलेला. अर्धा लाल, लोकरीचा.

मी तळवा वन्संपुढे धरते.

वन्सं चष्मा वर सारून धागा उचलतात. त्या मागांच्या खटखटीतच वाढलेल्या आहेत. पांढरं जिथे लालला जोडलंय तिथे त्यांचं बोट थांबतं. बारीक, चपटी गाठ, एका हाताने मारलेली. त्या नखाने चाचपून बघतात, पुन्हा बघतात, आणि बाकावर बसतात.

"वैनी," त्या हळूच म्हणतात, "ही दादाची गाठ आहे."

एलिसेओ धक्क्यावरून हात पुढे करून उभा आहे, उतरा म्हणतोय. टोपी पुरी झाली का, ते मला कळलेलं नाही. ते काय म्हणाले, तेही ऐकू आलं नाही. पण ज्याला नको असतं तो माणूस दोरा तोडून निघून जातो, गाठ मारत बसत नाही. मी वन्संच्या हातातून धागा घेते, पदराच्या टोकाला बांधते आणि एलिसेओचा हात धरून खाली उतरते.