काकांच्या दुनळीचं वय

आमचे काका पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसत. दिवसभर लोक त्यांच्यावर तोंडसुख घेत आणि काका प्रत्येकाला "बघतो, बघतो" म्हणत. घरात झुरळ निघालं की ते खुर्चीवर चढत आणि चप्पल काकू उचलत. पण बैठकीच्या भिंतीवरच्या दुनळी बंदुकीखाली बसले की ह्याच माणसाची छाती फुगायची. बंदूक त्यांच्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची. सहा फुटी गडी, अंगावर धावून आलेलं रानडुक्कर एका बारात आडवं केलं! पाहुण्यांना चहा मिळो न मिळो, डुक्कर मिळायचंच.

निवृत्तीनंतर काकांच्या डोक्यात पितळी पाटीचं खूळ शिरलं. वर आजोबांचं नाव, खाली बंदुकीचं साल. साल कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून परवाना खिशात आणि बंदूक खोळीत घालून ते जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे निघाले. सोबत मला घेतलं, कारण वाटेत कोणी अडवलं तर बोलायला माणूस हवं.

म्हाताऱ्याच्या अंधाऱ्या खोलीला तेलाचा वास येत होता. त्याने नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवल्या, उलट्या केल्या आणि भिंगातून पोटाकडचे ठसे पाहिले.

"विकायच्या आधी जादा दारू भरून नळ्या तपासायचे आणि मग हे ठसे मारायचे. ठसे बदलत गेले, त्यावरून काळ कळतो. ही शंभर-सव्वाशे वर्षांची."

"म्हणजे आजोबांच्या ऐन तारुण्यातली!" काका खुलले.

म्हाताऱ्याने नळ्या पुन्हा बसवल्या. "धरा बघू खांद्याला."

काकांनी धरली. कोपर बरगडीत घुसलं आणि अंगठा नाकावर आपटला. म्हाताऱ्याने टेप लावली.

"दस्ता आखूड आहे. कापलेला नाही, मुळातच असा. शिवाय डावीकडे वळवलाय. पूर्वी अंगाचं माप देऊन करून घ्यायचे. घेणारा बुटका होता आणि डावरा."

"आमचे आजोबा सहा फूट होते. आणि उजवे!"

"मग त्यांची नाही. त्यांनी हिच्यातून बार काढला असता, तर डुक्कर सोडून झाडाला लागला असता."

काकांचा हात हळूच स्वतःच्या उजव्या गालावर गेला. लहानपणी त्यांनी आजीच्या हातचा भरपूर मार खाल्ला होता आणि चपराक कायम ह्याच गालावर बसायची. समोरून ती तिथे डाव्या हातानेच बसते.

"आजी डावरी होती गं," ते मला म्हणाले. "उंचीने तर माझ्या खांद्यालाही लागत नव्हती."

मला काकांची दया आली. उभ्या जन्मात मिरवायला त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती आणि तीही टेप लावल्याबरोबर गेली. वाटेत मी म्हटलं, "पाटी आजोबांच्याच नावाची करा. कोणाला कळणारे?"

"बघतो," काका म्हणाले.

रविवारी पाहुणे जमले. काकूचा भाऊ पाय पसरून बसला आणि म्हणाला, "होऊन जाऊ दे डुक्कर!"

काकांनी घसा खाकरला. "डुक्कर आजीने मारलं. बंदूकही तिचीच."

एकच हशा पिकला. इतकी वर्षं थापेला माना डोलावणारी माणसं खरं ऐकून पोट धरून हसत होती.

"आणि आजोबा काय करत होते? डबा भरत होते?" काकूचा भाऊ डोळे पुसत म्हणाला. मला त्याचा असा राग आला की चहाचा कप त्याच्या हातातून काढून घ्यावासा वाटला.

काका हसू ओसरेपर्यंत थांबले. खुर्चीवरून उठले नाहीत, नजरही खाली घातली नाही.

"भरतही असतील," ते म्हणाले. "तिच्याबद्दल आम्ही कधी कोणी विचारलंच नाही."

तेव्हापासून आमच्याकडे बंदुकीची गोष्ट कोणी मागत नाही. काका सांगतातच.