सहीआधी वाचणारा माणूस

मला वाचवलं ते आखातातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवरच्या अमेरिकन सेफ्टी ऑफिसरनं. काळा, साठीचा, आवाज मऊ. खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, पिशवीवरचं छापलेलंसुद्धा वाचल्याशिवाय तो ती फोडत नाही.

मी शिडीवरून पडलो, तेव्हा फोरमननं एक इंग्रजी कागद पुढे केला. आठवीत शाळा सोडलेला मी, सहीला वाकलोच होतो. सेफ्टी ऑफिसरनं मनगट धरलं.

"थांब, बॉस. आधी ऐक."

ओळीवर बोट ठेवत त्यानं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. चूक माझीच, असं लिहिलेलं. शिडी मोडकी होती, हे त्यानं फोरमनला लिहायला लावलं. नोकरी राहिली.

"सर, ही सवय कुठली?"

"काळ्यांना बँक घरासाठी कर्ज देत नसे. आजोबांनी घर विकणाऱ्याच्याच हप्त्यांच्या करारावर न वाचता सही केली. एक हप्ता चुकला, घर गेलं. पुढे कायदा बदलला, पण घर थोडंच परत आलं? गोऱ्या शेजाऱ्याची नातवंडं त्याच्या घराच्या जिवावर कॉलेजात गेली. मी फौजेत."

सांगताना आवाज तसाच मऊ. 

हल्ली रोज इंग्रजी गिरवतोय. तो कायमचा घरी निघेल, तेव्हा निरोपाचं पत्र मीच लिहीन, आणि सही करण्याआधी त्याला वाचून दाखवीन.