रावसाहेबांची नखं

"बंद करा! बंद करा आधी! पत्र्यावर कोंबड्या कुणी सोडल्यात?"

बाळूशेठ एवढ्या जोरात ओरडला की ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला आणि गाणाऱ्या बाईंचा सूर आल्या वाटेनं घशात परत गेला. बाळूशेठ म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक. नगरला एका मंगल कार्यालयामागच्या गोडाऊनमध्ये आमची तालीम चाले. तापातून उठून मी त्या दिवशी पहिल्यांदाच आलो होतो आणि बघतो तर माझ्या जागेवर, माझ्या स्टुलावर, मांडीवर बेस गिटार घेऊन आमचे टेम्पोवाले रावसाहेब बसलेले. ते तार छेडायचे आणि सुराच्या आधी 'टक्' असा आवाज यायचा. टक्, टक्, टक्. सगळ्यांनी त्यांच्या हाताकडं पाहिलं. मीही पाहिलं आणि माझा उरलासुरला ताप तिथल्या तिथं उतरला.

ती नखं नव्हतीच. मंगलोरी कौलं होती. जाड, पिवळट, आणि बोटाच्या शेंड्यावरून पुढं येऊन खाली वळलेली, पोपटाच्या चोचीसारखी. जन्मतःच तशी. बापाची तशी, आज्याची तशी. नेलकटरनं ती कापायला गेलं तर नेलकटरच कापला जाई. सकाळी पत्रा कापायच्या कात्रीनं साफ करून रावसाहेब पारनेरच्या एसटीत बसले, तर नगरच्या स्टँडवर उतरेपर्यंत पुन्हा उगवलेली असत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण शपथेवर सांगायला कुठंही येईन.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या पोटातून येणारा जो घुमारा असतो, तो तिचा. बोटाच्या शेंड्याच्या मांसानं ती छेडायची असते, नख लागलं की संपलं. आणि रावसाहेबांच्या बोटाला शेंडा म्हणून दिसतच नव्हता, नुसतं छप्पर. उलट माझी बोटं! लांबसडक, निमुळती. मेंदी काढणाऱ्या बायका माझा हात बघून सुस्कारे टाकत. शिर्डीच्या एका हॉटेलात एका पाहुण्यानं माझ्या बोटांचा फोटो काढून बायकोला पाठवला होता आणि त्यावरून त्यांच्या घरात दोन दिवस अबोला होता, असं म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नका.

रावसाहेब आमच्या स्पीकरचा टेम्पो चालवायचे. राळेगणच्या अलीकडच्या एका वाडीतले, घरी थोडी जमीन आणि म्हशी. माझ्या पाठीमागं बसून बघता बघता त्यांना बेसचा नाद लागला. कुणाची तरी जुनी बेस विकत घेतली, मोबाईलवरचे धडे बघून घरी वाजवायला लागले, आणि मी आजारी पडल्यावर बाळूशेठनं त्यांना बसवून बघितलं. मी मोठ्या प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "रावसाहेब, मनाला लावून घेऊ नका. देवानंच नाही म्हटलंय. तुम्ही खुळखुळा घ्या."

त्यांनी आपला पंजा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "बोटाला इचारून बघतो, मास्तर."

हे त्यांचं नेहमीचं. टेम्पोचा गिअर अडला तरी "इचारून बघतो", कुलूप उघडेना तरी "इचारून बघतो". माणसांना मात्र ते कधी काही विचारत नसत.

दोनेक आठवड्यांनी ते परत बेस घेऊन बसले. मी चहाचा कप घेऊन मुद्दाम समोर बसलो, करमणूक म्हणून. पाहतो तर हाताची ठेवणच वेगळी. मनगट बाहेरच्या अंगाला वळवलेलं, बोटं तारांवर उभी नाहीत तर आडवी, जणू तारांवर डुलकी काढताहेत. तार छेडत होती ती बोटाची कूस, म्हणजे अंगठ्याकडची मऊ बाजू. नख वर आभाळाकडं. आणि आवाज आला. काय सांगू! कोपऱ्यातला चहावाल्याचा फ्रिज लाजून गुरगुरायचा थांबला. माझ्या कपातल्या चहावर वर्तुळं उठली. बाळूशेठनं डोळे मिटले. बाळूशेठ हप्ते थकलेल्या माणसासारखा कायम एक डोळा दाराकडं ठेवून असायचा, त्यानं दोन्ही मिटले.

मला हेवा वाटला म्हणणं फार सोवळं झालं. मी उरलेला चहा त्यांच्या टेम्पोच्या चाकावर ओतून आलो.

बाळूशेठ म्हणाला, "संथ गाणी रावसाहेब वाजवतील, उडती तुम्ही." मी मान हलवली. पुढच्या महिन्यात उडत्यातलीही निम्मी गेली. मी स्टुलावर कमी आणि वायरी गुंडाळण्यात जास्त दिसू लागलो. बायको म्हणाली, "आजकाल तुमच्या हाताला चिकटपट्टीचा वास येतो." ज्या बेसच्या जिवावर मी तीन तालुक्यांत मिरवत होतो, ती माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोवाल्याच्या मांडीवर चालली होती. तेव्हा ठरवलं, याचं गुपित काढायचं.

एका संध्याकाळी मी न सांगता त्यांच्या वाडीवर धडकलो. रावसाहेब गोठ्यात धार काढत होते. "या मास्तर. लांब बसा, ही लई तऱ्हेवाईक हाय."

मी विचारलं, "ही हाताची ठेवण शिकलात कुठं?"

"शिकतोय कुठं? लहानपनापास्नं हीच हाय. सडाला नख लागलं की म्हस लाथ घालती. बापानं दोन लाथा खाल्ल्या, मी चार खाल्ल्या. मग नख भायेर, बोटाची कूस आत. म्हशीला पटलं, म्हनलं तारंलाबी पटंल."

एवढंच? मला वाटलं, एवढं सोपं असेल तर मीही करीन. "सरका," म्हटलं. बसलो, मनगट वळवलं, कूस लावली. पुढचं मला तुटक आठवतं. आधी गोठ्याचा पत्रा खालून दिसला, मग वरून दिसला, मग मी शेणाच्या ढिगात होतो आणि दुधाची चरवी माझ्या डोक्यात चपखल बसलेली होती. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. रावसाहेबांनी मला हात देऊन उठवलं आणि माझी बोटं निरखून म्हणाले, "तुमची बोटं अंगठ्या घालायला झ्याक हायेत, मास्तर."

त्या वाक्यानं माझी झोप नेली. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोट बोटात नव्हती, नखात होती! माझ्याकडं तसलं छप्परच नाही म्हणून कूस नीट पडत नाही. नगरमध्ये ओळखी फार, म्हणून मी गुपचूप संगमनेर गाठलं आणि एका ब्युटी पार्लरमध्ये शिरलो. पोरीनं विचारलं, "काका, कुणासाठी नखं लावायचीत?"

"माझ्यासाठी."

तिनं कॅटलॉग माझ्यापुढं सरकवला. "शेप कुठला? बदामी का चौकोनी?"

"पोपटाची चोच."

"आणि कलर?"

"जुन्या कौलाचा."

शेजारच्या खुर्चीतली नवरी अर्ध्या मेकअपवर उठून बाहेर जाऊन हसून आली.

शिर्डीला एका मोठ्या हॉटेलात स्वागत समारंभ होता. बाळूशेठला मी गळ घातली, आज पहिलं गाणं मला दे, बघ काय चमत्कार होतो ते. दिलं त्यानं. मनगट वळवलं, कूस लावली, नखं आभाळाकडं. पहिल्या कडव्यापर्यंत जमलंही, किंवा मला तसं वाटलं. मग उडती लय आली आणि पहिल्या बोटाचं नख सुटलं. ते झुंबराला प्रदक्षिणा घालून सरळ नवरदेवाच्या मामाच्या पुलावात पडलं. मामांनी ते चावून खाल्लं आणि वाढप्याला म्हणाले, "बदाम जरा कच्चा राहिलाय." दुसरं नख गाणाऱ्या बाईंच्या अंबाड्यात रुतलं. तिसरं तारेतच अडकलं आणि माझ्या गिटारीतून असा आवाज निघाला की लॉनवरची कुत्री रडायला लागली.

बाळूशेठनं हात वर करून गाणं थांबवलं. त्यानं नुसतं रावसाहेबांकडं पाहिलं. ते स्पीकरमागून उठून आले, माझ्या मांडीवरची बेस अलगद उचलली आणि उरलेला कार्यक्रम वाजवला. त्या दिवसापासून बेस त्यांची आणि वायरी माझ्या.

परतताना टेम्पोत माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मला शेंडा न्हाई म्हनून कूस. तुमाला शेंडा हाय, तुमी शेंड्यानंच वाजवा की. माझी कूस घेऊन काय करनार?"

मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवा."

खरं म्हणजे मला त्यांची कूसच हवी होती. शेंडा सगळ्यांनाच असतो.

पुढं दीड-दोन वर्षं ते वाजवत राहिले आणि मी हजर राहून जळत राहिलो. त्यांचं नाव श्रीगोंद्यापर्यंत गेलं. पुण्याहून एक जण नुसता त्यांचा हात बघायला आला. त्यांना त्याचं काहीच नाही. लोक "वा" म्हणाले की ते घड्याळ बघत, एवढाच फरक. मग एका तालमीला आले ते बेस हातात उभी धरूनच. वहिनींचा खांदा धरला होता, त्यांना बादली उचलवेना. "रातच्याला कार्यक्रम, पाटंला धार. दोन्ही हुईना," म्हणाले आणि बेस माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या मास्तर. तुमचं तुमाला." रिकामी पिशवी खुंटीला अडकवावी तशी.

बाळूशेठ रडायच्या बेताला आला. मी मात्र आतून नाचत होतो. जागा माझी, स्टूल माझं, गाणी सगळी माझी! पहिल्या कार्यक्रमाला मी जीव तोडून वाजवलं. बाळूशेठ मोबाईल बघत बसला होता. दुसऱ्या कार्यक्रमालाही. डोळे काही त्यानं मिटले नाहीत.

ते मला सोसेना. हरलो असतो तर गोष्ट वेगळी. हा माणूस जिंकून पुन्हा सगळं माझ्या पदरात टाकून गेला होता, आणि त्याला त्याची हळहळसुद्धा नव्हती. मला फक्त तेवढीच हवी होती. थोडीशी. एक सुस्कारा सोडला असता तरी माझं भागलं असतं.

म्हणून मी पुन्हा त्यांच्या वाडीवर गेलो. रावसाहेब म्हशीला टेकून, डोळे अर्धे मिटून, तीच बोटं, तीच कूस लावून बसलेले. चरवीत धार वाजत होती, आणि ती ऐकून तर माझं डोकंच फिरलं. मी गोठ्याच्या दारात उभा राहून बोंबललो, "अरे रावसाहेब, लेका, तुला काहीच कसं वाटत नाही? तुझा तो आवाज मला मिळाला असता तर मी घरदार, बायको, जमीन, सगळं सोडलं असतं! आणि तू? तू म्हशीपायी बेस सोडतोस? सांग ना, एकदा तरी आठवण येते का तुला?"

त्यांनी मान वर केली नाही.

"हळू बोला, मास्तर. म्हस पान्हा चोरंल."