साडेबावीस किलो

रोडपाली-कळंबोली पट्ट्यातून परदेशी शिकायला गेलेल्या एकाही मुलाची बॅग आजवर विमानतळाच्या काउंटरवर जास्त भरलेली नाही, आणि याचं सगळं श्रेय आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं आहे. मुलांच्या हुशारीबद्दल मला आदर आहे. त्यांनी इंग्रजीच्या परीक्षा दिल्या, व्हिसासाठी रांगा लावल्या, आपल्याला अमुकच विद्यापीठात का शिकायचंय यावर दोन-दोन पानं लिहिली. पण काका नसते तर त्यातली निम्मी मुलं अजून आपापल्या हॉलमध्ये बॅगेवर बसून चेन ओढत असती.

काका तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर कामाला होते. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग सळया भरून पुन्हा तोलायचा आणि खिडकीतून चिठ्ठी द्यायची, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, तोलणं काही सुटलं नाही. लग्नात स्टेजवर जाऊन नवरा-नवरीला आशीर्वाद दिला की पायऱ्या उतरेपर्यंत त्यांचा आकडा तयार असतो. "दोघं मिळून एकशे एकवीस, हारांसकट," हे ते अशा सुरात सांगतात की जणू जोडा शोभून दिसतो असंच म्हणताहेत. माझ्या भाचीच्या बारशाला सगळी बायकामंडळी बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर हमरीतुमरीवर आली होती. काकांनी बाळाला दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले आणि दुपट्याचे वजा करून तीन किलो चारशे, असं सांगून परत दिलं. दवाखान्यातल्या काट्यावर वीस ग्रॅमचा फरक निघाला, तेव्हा त्या काट्याची तपासणी करायला हवी असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना अगदी नम्रपणे सुचवलं.

बॅगांचा नाद त्यांना कसा लागला हे कुणालाच नीट आठवत नाही. इमारतीतला पहिला मुलगा ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी सहज विचारलं, आणि काकांनी बाजारातून ओळखीने आणलेला आकड्याचा काटा हॉलच्या पंख्याच्या कडीला लटकवला. तेव्हापासून पंखा उतरवूनच ठेवलेला आहे. पुढे ओवे गावापासून उरणपर्यंतची मुलं आईवडिलांसकट यायला लागली. काकांच्या मते सूटकेस म्हणजे छोटा ट्रेलर. जड माल चाकांवर यायला हवा, म्हणून कुकर खाली. कुकर रिकामा न्यायचा नाही, म्हणून त्यात मोजे. मोजेही रिकामे न्यायचे नाहीत, म्हणून त्यांत वेलदोड्याच्या पुड्या. माल सरकता कामा नये, गाडी वळणावर पलटी होता कामा नये, असं ते बजावायचे, जसं काही बॅग विमानाने नाही तर बोरघाटातून उतरणार आहे. शेवटी नायलॉनच्या दोरीची ट्रकवाल्यांची गाठ. त्या ऑस्ट्रेलियाच्या मुलाला पोचल्यावर ती गाठ सुटेना. काकांनी व्हिडिओ कॉलवर तासभर शिकवल्यावर ती सुटली, आणि तोवर तो बिचारा प्रवासातल्या कपड्यांतच बसून होता. दोरी कापू का, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि ते उठून गॅलरीत गेले.

खरी लढाई असायची ती आयांशी. बाप लोक बॅगेच्या बाबतीत काकांना शरण जातात, आया जात नाहीत. उरणची एक मावशी आमच्याकडे मासळी घेऊन येते. तिचा मुलगा जहाजाचं इंजिनिअरिंग शिकायला स्कॉटलंडला निघाला, तेव्हा ती दोन किलो सुकट आणि बोंबील तीन पिशव्यांत बांधून घेऊन आली. काकांनी पिशवी उचलून बाजूला ठेवली. तिने उचलून बॅगेत ठेवली. असं चार वेळा झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, तिकडं माज्या पोराला म्हावरं कोन देनार हाय? तुमी नाय म्हनू नका." काकांनी काट्याकडे बोट दाखवलं. विमान तेवीस किलो नेतं, आणि काका साडेबावीसवर बॅग बंद करतात. तो वरचा अर्धा किलो मिळावा म्हणून आयांनी काकांना काय काय ऐकवलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका बधले नाहीत. अर्धा किलो कशासाठी ठेवता असं विचारलं की ते नुसते म्हणायचे, लागतो.

तो कशासाठी लागतो हे मला मी जर्मनीला निघाले त्या दिवशी कळलं. सगळ्यांना पोचवायला काका जातीने यायचे, तसे माझ्या वेळीही आले. विमानतळाच्या दारात, जिथून पुढे फक्त प्रवाशांना सोडतात, तिथे माझी आई अचानक थांबली, पर्समध्ये हात घातला आणि मेतकुटाचा डबा बाहेर काढला. महिनाभर याद्या करून, त्या याद्यांच्या याद्या करूनही तिला हे तिथेच सुचलं होतं. मी घाबरले, बाबा चिडले. काकांनी शांतपणे गाठ सोडली, चेन उघडली, डब्याच्या मापाची जागा त्या कोपऱ्यात होतीच, तिथे तो बसवला आणि गाठ मारली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "प्रत्येक आई दारात काहीतरी काढते. आधी सांगितलं तर त्या तेही आधीच भरतील आणि दारात पुन्हा दुसरं काढतील. म्हणून सांगायचं नाही." आत गेल्यावर काउंटरवरच्या आकड्याचा फोटो त्यांना पाठवायचा, हा सगळ्यांसाठी नियम होता. माझा आकडा तेवीसला शंभर ग्रॅम कमी आला. काकांच्या फोनमध्ये असे कितीतरी फोटो आहेत. त्यातल्या उरणच्या मावशीच्या मुलाच्या फोटोत बरोबर तेवीस आहे, कारण तिने दारात अर्धा किलो जवळा काढला होता.

दोन वर्षांनी मी परत आले आणि बेलापूरला नोकरीला लागले. त्यानंतर काकांची एकुलती एक मुलगी आयर्लंडला शिकायला निघाली. तिच्या बॅगेला काकांनी तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत काकूंनी बॅगेत तीनदा लाटणं ठेवलं आणि काकांनी तीनदा काढलं. आयर्लंडमध्ये बाटलीनेसुद्धा पोळी लाटता येते, असं त्यांचं म्हणणं. काकू कधीच फार बोलत नसत, त्यांचा आवाज आम्हाला माहीत होता तो सकाळी साडेसहाला वरून येणाऱ्या लाटण्याचाच. त्यामुळे माझ्या आईला कधी गजर लावावा लागला नाही. विमानतळाच्या दारात काकू थांबल्या, आणि मी पाहिलं तर त्यांच्या पर्समधून लाटण्याची मूठ चांगली वीतभर बाहेर आलेली. घरापासून गाडीत काकांच्या शेजारी बसून त्या तशाच आल्या होत्या. सगळ्या जगाच्या आया ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या बायकोच्या पर्समधलं दिसलं नव्हतं. काकांनी लाटणं हातात घेतलं, तोललं आणि "तीनशे दहा" एवढंच म्हणून कोपऱ्यात बसवलं.

मुलीचं मास्टर्स झालं आणि ती पीएचडीला तिथेच राहिली. दरम्यान काकू गेल्या, अगदी थोड्या दिवसांच्या आजाराने. मुलगी पाठीवरच्या सॅकनिशी आली, दिवस झाल्यावर तशीच परत गेली. बॅग नव्हतीच, त्यामुळे तोलण्यासारखं काही नव्हतं. वरचा लाटण्याचा आवाज बंद झाला, आई गजर लावायला लागली आणि काकांच्या दाराला पोळीभाजीचा डबा लटकायला लागला. आम्ही पोळ्या पाठवायचो, त्याही ते घ्यायचे, पण किती ग्रॅमच्या आहेत हे सांगायचे नाहीत. मला ते फार लागायचं.

मग मुलीचा फोन आला, की पदवीदान आहे, तुम्ही यायचंच. पासपोर्ट होता, काकूंच्या बरोबरीने काढलेला. व्हिसाही मिळाला. तरी काका आज बीपी सांगत, उद्या पाण्याची टाकी साफ करायची आहे म्हणत. तिकीट मीच काढलं. निघायला चार दिवस उरले तेव्हा वर गेले, तर हॉलच्या मधोमध बॅग उघडी पडलेली आणि आत एकही वस्तू नाही. शेकडो बॅगा भरलेला माणूस तिच्यासमोर स्टुलावर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "अगं, मला फक्त किती न्यायचं ते कळतं. काय न्यायचं ते तिला कळायचं." मुलगी दर रविवारी फोनवर बाबा येताय ना विचारते, आणि आपण काय घेऊन जाणार या एका विचाराने आपण टाळतोय, हे त्यांनी मला तिथे सांगितलं. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मी मात्र खाली येऊन आईपाशी रडले.

आईने फोन हातात घेतला. ज्या ज्या बायकांचं सामान काकांनी आजवर बाहेर काढलं होतं त्या सगळ्या पुढच्या दोन दिवसांत जिना चढून वर आल्या. कुणी भाजणी आणली, कुणी आमसुलं, कुणी लसणीची चटणी. उरणची मावशी टोपली खाली ठेवून वर आली आणि सुकटीची पिशवी पुढे करून म्हणाली, "माज्या पोराचं तुमी नेऊ दिलं नाय. आता तुमच्या पोरीला तरी न्या." काकांनी ती पिशवी घेतली आणि चाकांच्या बाजूला बसवली. बॅग भरत गेली तसे ते पूर्वीसारखे खेकसायला लागले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. साडेबावीस झाल्यावर त्यांनी बॅग बंद केली. एका कोपऱ्यात तीच ती जागा मोकळी होती.

दुपारचं विमान होतं. पोचवायला आई आणि मी. दारात काका थांबले, खाली बसले आणि सवयीने गाठ सोडून चेन अर्धी उघडली. मग मागे वळून पाहिलं. मागे आम्हीच होतो. आईने पर्समध्ये हात घातला, तिथे चिवड्याची पुडी होती हे मला माहीत होतं, पण हात तसाच रिकामा बाहेर आला. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली, चेन लावली, गाठ मारली आणि आत गेले. परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "ती जागा माझी नव्हती गं." कळंबोली येईपर्यंत पुडी तिच्या मांडीवरच होती. खाडीपुलावर असताना काकांचा फोटो आला होता. काउंटरवर बरोबर साडेबावीस.

काका तीन आठवडे राहून परत आले. तिथल्या विमानतळाच्या दारात मुलगी थांबली, आणि तिच्या पर्समधून वीतभर बाहेर आलेली मूठ या खेपेला काकांना लांबूनच दिसली. तीन आठवडे तिने त्यांना पोळी शिकवली होती आणि आता लाटणं परत देत होती. ते झिजून दोनशे नव्वद झालंय, असं काका सांगतात. ते कणकेचा प्रत्येक गोळा तोलून घेतात, सगळे पस्तीस ग्रॅमचे, एकही कमी नाही की जास्त नाही, आणि तरी एकही पोळी गोल होत नाही. रोज त्यातली एक आमच्याकडे येते. आईने गजर लावणं पुन्हा सोडलंय, कारण सकाळी साडेसहाला वरून लाटण्याचा आवाज येतो. काकूंच्या हाताइतका भरभर नाही. मधेमधे थांबतो, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत आई खाली चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी असते.