हौसाक्काच्या अंगातली बाई

हौसाक्का घरात असली की तिचं पुढचं दार सताड उघडं असायचं. उन्हाळ्यात धूळ आत यायची, पावसाळ्यात गल्लीतली कुत्री येऊन बसायची, पण दार लोटलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "दार लावलं की आत काय चाललंय ते लोकं ठरवत्यात. उघडं आसलं की निस्ती बघत्यात." नवऱ्यानं टाकलेल्या बाईला हे शहाणपण कुणी शिकवावं लागत नाही.

सांगलीत आमच्या घरासमोरच तिचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. माहेर माणदेशातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा मिलिटरीत होता. त्याच्याच पगारातून घर उभं राहिलं, पण तेव्हा तो सरहद्दीवर, म्हणून कागद धाकट्या भावाच्या नावानं झाले. पुढं नवरा नोकरीतून सुटला आणि पुण्यात दुसरी बाई करून तिथंच राहिला. इकडं उरली हौसाक्का, तिची लेक शकू आणि दिराच्या नावावरचं घर.

ती हळदीच्या वखारीत निवडायला जायची. बोटं बारा महिने पिवळी. "माजी हळद काय उतरंना बघ," असं स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. बाकीच्यांनी हसावं की नाही, हा प्रश्न ती ज्याच्या त्याच्यावर सोपवायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं ती. मी विश्रामबागेतल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटले की वाचनालयातून एखादी कादंबरी आणायची आणि रविवारी दुपारी हौसाक्काच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची अशी की एकदा ऐकलेलं महिन्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. त्या काळात भुताटकीच्या कादंबऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्यातलीच एक हाती लागली. झपाटलेल्या घरात नवी सून येते आणि तिच्या अंगात घराची मेलेली मालकीण संचारते, अशी गोष्ट. लेखक चांगलाच शिकलेला असावा, कारण त्याचं भूत फार शुद्ध बोलायचं. "या वास्तूवर माझा अधिकार आहे. इथून मला कोणीही हलवू शकणार नाही."

हौसाक्का हसून हसून लोळली. "आमच्याकडची भुतं आसली बोलत न्हाईत गं. कोंबडं मागत्यात आन् गप बसत्यात." पण हसता हसता एकदम थांबली. "सुमे, आन् ह्या बाईला खरंच कुनी घरातनं काढत न्हाई?"

मी म्हटलं, नाही काढत, घाबरतात. ती बराच वेळ नखातली हळद कोरत बसली. वाचनालयाच्या त्या प्रतीची शेवटची पानं गळालेली होती. मग त्या बाईचं काय झालं, असं तिनं दोनतीनदा विचारलं. पानंच नाहीत तर मी काय सांगणार?

पुढं दिराला कुपवाडच्या कारखान्यात काम लागलं. गावाकडनं बायको-पोरं आणायची, तर आयतं घर होतंच. एका मंगळवारी संध्याकाळी दोघं नवराबायको टेम्पोत सामान घालून दारात आली. वहिनी, तुमी आता म्हायेरी जावा, एवढंच तो म्हणाला. मी तेव्हा आमच्या ओट्यावर होते.

हौसाक्का आत गेली आणि बाहेर आली ती केस सोडून, कपाळभर कुंकू फासून. उंबऱ्यावर बसून घुमायला लागली. घुमण्याचं त्या दोघांना काही नवल नव्हतं; त्यांच्या भावकीत दर जत्रेला चारदोन बायका घुमायच्या. पण मग हौसाक्कानं तोंड उघडलं. "या वास्तूवर माझा अधिकार आहे. इथून मला कोणीही हलवू शकणार नाही."

जन्मात 'न्हाई'ला 'नाही' न म्हटलेली बाई आकाशवाणीसारखी बोलली, तशी जावेच्या हातातली कळशी खाली आली. हे शब्द हौसाक्काचे नव्हेत, हे तर उघडच होतं. मग कुणाचे, याचा निकाल जावेनं तिथंच लावला. नाक घासून तिनं नवऱ्याला दंडाला धरून ओढत नेलं. सामान उतरलंच नाही. त्या रात्री हौसाक्कानं मला शेंगदाण्याचा लाडू दिला. एवढी खूश ती मला पुन्हा दिसली नाही.

कारण सोंग एकदा आणून भागत नाही. दर मंगळवारी बायका लिंबं-नारळ घेऊन यायला लागल्या. ती घुमली नाही तर दिराच्या कानावर जाणार, म्हणून घुमणं आलं. "बाया म्हंत्यात, नवरा मारतुया, काय करू?" ती मला सांगायची. "मी काय सांगू? माजाच पळून गेलाय." आणि याच बायका आपल्या पोरींना मात्र तिच्या घरी पाठवीनात. शकूच्या मैत्रिणी तुटल्या. मग हौसाक्कानं पुढचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

शकूला लोणंदचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, मुलगी पसंत. सुपारी फुटायच्या आधी कुणीतरी पुण्य कमावलं आणि आईच्या अंगात येतं हे तिकडं कळवलं. आईचं लेकीला उतरतं, असा निरोप आला.

हौसाक्का मला घेऊन लोणंदला गेली. वाटेत गाडीत एवढंच म्हणाली, "घर गेलं तर जाऊ दे. पोरीला तिचं घर हुईल." मुलाच्या आईसमोर तिनं पदर पसरला. "माज्या अंगात काय बी येत न्हाई. समदं सोंग हुतं, दिरानं घर घिऊ ने म्हणून. ही सुमी बुक वाचत हुती, त्यातलं बोलले." मीही शपथेवर तेच सांगितलं.

मुलाच्या आईनं आम्हांला चहा दिला. बाई वाईट नव्हती. सावकाश म्हणाली, "आवं, जे आसतंय ते आसंच म्हंतंय. मी न्हाईच म्हणून."

खरंखोटं दाखवावं म्हणून हौसाक्कानं ते वाक्य म्हणून दाखवलं. हसतमुखानं, केस नीट बांधलेले, हात मांडीवर. "या वास्तूवर माझा अधिकार आहे." पाठ केलेलं आहे हे त्यांनी ऐकावं, एवढाच हेतू. मुलाची आई उठली, शेजारी बसलेल्या मुलाला घेऊन आत गेली आणि मधलं दार लागलं. आमचे कप तसेच राहिले.

ही बातमी दिरापर्यंत जायला वेळ लागला नाही. त्याला मात्र ती लगेच पटली. लोणंदकरांना भूत सोयीचं वाटलं, दिराला सोंग. तो टेम्पो घेऊन पुन्हा आला तेव्हा हौसाक्कानं केस सोडले नाहीत. "गरिबाचं खोटं लोकं झेलत्यात, सुमे," ती म्हणाली, "खरं मातुर खाली पडतंय." भांडी गोणत्यात भरली आणि मायलेकी माहेरी जायला म्हसवडच्या गाडीत बसल्या. मला दिराचा राग आला होता, तो अजून आहे. पण लोणंदच्या त्या चहाचा राग जास्त आहे.

शकूला पुढं एका बिजवराला दिली. हौसाक्का भावाच्या दारात दोन वर्षं राहिली आणि तापानं गेली. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

आणि सगळं सोंग होतं असं छातीठोक सांगणाऱ्या दिरानं घरात राहायला येण्याआधी काय करावं? मांत्रिक आणला, चारी कोपऱ्यांत खिळे ठोकले, मग सत्यनारायण घातला. गल्लीला बोलावणं होतं. मी गेले नाही.

बऱ्याच वर्षांनी सांगलीतच रद्दीवाल्याकडे त्या कादंबरीची धड प्रत दिसली. तिथंच उभ्यानं शेवटची पानं वाचली. मांत्रिक भूत घालवतो, सत्यनारायण होतो, पंगत बसते आणि वास्तू पुन्हा सुखी होते. ज्या सुनेच्या अंगात ते भूत होतं तिचं काय झालं, पंगतीत तिचं पान होतं का, याबद्दल लेखकानं एक ओळही लिहिलेली नाही.